मुलांसमवेत वाळवंटांतून

मुलांना घेऊन प्रवासाला जावयाचें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें महाबळेश्वर येतें, कोंकणांतला एखादा समुद्रकांठ येतो, फार तर काशी-प्रयाग येतें. वाळवंट कांहीं येत नाहीं. वाळवंट ही जागा उंटांची, साधूंची अगर शास्त्रज्ञांची. सात वर्षांच्या मुलाचें तेथें काय काम, अशी आपली समजूत असते. माझीहि होती. तरीहि कांहीं वर्षांपूर्वीं एका जुलै महिन्यांत मी, माझी पत्नी, अकरा वर्षांची थोरली मुलगी आणि सात वर्षांचा धाकटा मुलगा अशीं चौघें ऑस्ट्रेलिया खंडाच्या पोटांतून मोटारीनें सुमारें दोन हजार किलोमीटर गेलों. त्या प्रवासांत जें पाहिलें तें सांगावें, हा आजच्या भाषणाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु असा कीं, त्या वाळवंटांत एका दुपारीं मीच केलेला नियम मीच मोडावयास निघालों होतों, आणि माझ्या मुलीनें मला थांबविलें. त्या दुपारविषयीं मीं आजवर घराबाहेर फारसें कोणाला सांगितलेलें नाहीं; परंतु मुलांसह दूरच्या वाटेला लागणाऱ्या आईबापांना तिचा उपयोग होईल असें वाटतें, म्हणून संकोच बाजूला ठेवून सांगतों.

ऑस्ट्रेलियाचा नकाशा पाहिला म्हणजे एक गोष्ट प्रथम लक्षांत येते. मोठीं शहरें बहुतेक सारीं समुद्राच्या कांठानें बसलेलीं, आणि मधला विस्तीर्ण भाग जवळजवळ रिकामा. ह्या भागाला तेथील लोक 'आऊटबॅक' म्हणतात. दक्षिण किनाऱ्यावर ॲडिलेड शहर आहे. तेथें माझी बहीण राहते. ॲडिलेडहून उत्तरेस सुमारें तीनशें किलोमीटरांवर, स्पेन्सरच्या आखाताच्या अगदीं टोंकाला, पोर्ट ऑगस्टा हें बंदर लागतें. आणि तेथून थेट उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत सुमारें २,७०० किलोमीटर लांबीचा राजरस्ता जातो. त्याचें नांव स्टुअर्ट महामार्ग. जॉन मॅक्डोअल स्टुअर्ट ह्या प्रवाशानें आधींचे प्रयत्न फसल्यानंतर २४ जुलै १८६२ रोजीं उत्तरेचा समुद्र गांठला. पण परतीच्या वाटेवर तो इतका खंगला कीं, त्याला घोड्यांमध्यें बांधलेल्या झोळींतून आणावें लागलें. बव्हंशीं त्याच्याच वाटेनें आज डांबरी सडक गेली आहे. मात्र तिचा दक्षिणेकडील भाग संपूर्ण डांबरी व्हावयास १९८७ साल उजाडलें.

प्रवासासाठीं जुलै महिना आम्हीं मुद्दाम निवडला. आपल्याकडे आषाढांतला पाऊस कोसळत असतो तेव्हां तेथें हिंवाळा असतो. दिवसा कोंवळें ऊन आणि रात्रीं हाडांत शिरणारी थंडी. डिसेंबर-जानेवारींत तेथें पारा चाळीस अंशांपलीकडे सहज जातो. अशा दिवसांत लहान मुलांना तेथें नेणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळणें होय. वाळवंटांत थंडी कसली, असें म्हणून मीं गरम कपड्यांचें ओझें कमी करावयास निघालों होतों. तें मुलांच्या आईनें ऐकलें नाहीं, आणि पहिल्याच रात्रीं तिचा शहाणपणा सिद्ध झाला.

मोटार माझ्या मेहुण्यांची होती. ती देतांना त्यांनीं मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली ही कीं, ही साधी गाडी आहे, हिला डांबरी रस्ता सोडून खालीं उतरवूं नका. दुसरी ही कीं, गाडी कोठें अडली तर तिला सोडून जाऊं नका. ह्या दुसऱ्या गोष्टीच्या पुष्ट्यर्थ त्यांनीं एक हकीकत सांगितली. १९६३ सालच्या डिसेंबरांत, इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेलें पांच जणांचें एक कुटुंब, आईबाप आणि मुलें, बर्ड्सव्हिलच्या वाळवंटी वाटेवर अडकलें. वाट चुकली होती, पेट्रोल संपलें होतें. मोटार तेथेंच सोडून तीं मंडळी पाण्याच्या शोधांत निघालीं. शोध करणाऱ्यांना मोटार सांपडली. माणसें मात्र जिवंत सांपडलीं नाहींत. एकहि नाहीं. सपाट मुलुखांत मोटार दुरून दिसते, विमानांतून तर फारच लवकर दिसते. चालणारें माणूस दिसत नाहीं. शिवाय मोटार सांवली देते, आणि चालणारा माणूस अंगांतलें पाणी घालवितो. एवढें साधें गणित आहे. पण घाबरलेल्या माणसाला तें सुचत नाहीं.

मुलांच्या देखत ही हकीकत निघाली, हें प्रथम मला रुचलें नव्हतें. परंतु थोरलीनें ती मन लावून ऐकली, आणि त्याच रात्रीं एक वही घेऊन तिच्या पहिल्या पानावर प्रवासाचे नियम लिहिले. नियम मीं सांगितले, अक्षर तिचें. पहिला : गाडी अडली तर तिला सोडून कोणीहि चालत निघावयाचें नाहीं. दुसरा : तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावयाचें. तिसरा : सूर्य मावळण्यापूर्वीं मुक्काम गांठावयाचा. चौथा नियम असा होता कीं, "अजून किती राहिलें?" हा प्रश्न बाबांना तासांतून एकदांच विचारावयाचा. ह्या चौथ्या नियमाला धाकट्यानें बरीच हरकत घेतली. पण बहुमतानें तो संमत झाला.

माणशीं दररोज दहा लिटर पाणी ह्या हिशेबानें दोन मोठे डबे गाडींत चढविले. बहिणीनें दशम्या, चिवडा आणि डिंकाचे लाडू दिले. दोन जादा चाकें, टॉर्च, चादरी, औषधें आणि माशांपासून बचाव करणाऱ्या जाळीच्या टोप्या असा सरंजाम झाला. संकटाच्या वेळीं उपग्रहाला खूण पाठविणारें एक लहानसें यंत्र मिळतें. तेंहि घ्यावें असें मेहुण्यांनीं सुचविलें होतें. रस्ता तर डांबरी आहे, मग तें कशाला, असें म्हणून मीं तें टाळलें. हें लक्षांत असूं द्यावें.

पोर्ट ऑगस्टा येथें आम्ही पहिला विसांवा घेतला, आणि तेथें एक अनपेक्षित नातें सांपडलें. १८६६ सालीं ह्या बंदरांत कराचीहून शंभरांवर उंट आणि त्यांच्याबरोबर सुमारें तीस उंटवान उतरले. त्या काळीं सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत मोडत असे. तेव्हां हे लोक एका अर्थानें आपल्याच इलाख्याच्या बंदरांतून निघालेले. पुढें आणखी कित्येक आले. बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी असे नाना लोक त्यांत होते; गोऱ्या वसाहतवाल्यांनीं त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हटलें. लोंकरीचे गठ्ठे, तारेचे खांब, पिठाचीं पोतीं, जें जें वाळवंटांत न्यावयाचें तें तें ह्यांच्याच उंटांनीं पाठीवर वाहिलें. ॲडिलेडहून डार्विनला जाणाऱ्या आगगाडीला 'घान' म्हणतात, तें नांव ह्या अफगाणांवरूनच आलें. मोटारी आल्या, उंटांचें काम संपलें, तेव्हां पुष्कळ उंट रानांत सोडून देण्यांत आले. त्यांचे वंशज आज तेथें रानटी कळपांनीं हिंडतात. धाकट्यानें पहिला उंट पाहिला तेव्हां, "हा आपल्याकडचा आहे!" असें तो मोठ्यानें ओरडला, आणि पुढील दोन दिवस प्रत्येक उंटाला त्यानें हात हालवून नमस्कार केला.

पोर्ट ऑगस्टा मागें पडलें कीं खिशांतला फोन मुका होतो. झाडें खुजीं होत जातात, माती तांबडी होत जाते, आणि रस्ता क्षितिजांत बुडून जातो. मधूनच लेक हार्टसारखें एखादें मिठाचें सरोवर लागतें. पांढरेंशुभ्र, पाण्यावांचून चकाकणारें. मुलें त्यावर उतरून मिठाचे खडे चाखून आलीं. 'रोड ट्रेन' नांवाचीं प्रचंड मालवाहू वाहनें समोरून येतात. एका इंजिनामागें तीन-तीन डबे जोडलेले, लांबी पन्नास मीटरांहूनहि अधिक. एक गेलें कीं आमची गाडी वाऱ्याच्या झोतानें हालत असे. मुलांनीं त्यांची गणती वहींत चालविली. ग्लेंडॅम्बोपासून कूबर पीडीपर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटर पेट्रोल मिळत नाहीं. तेथें टाकी भरतांना थोरलीनें कांटा स्वतः पाहून घेतला. लांबच्या प्रवासांत मुलें कंटाळतात ती बहुधा त्यांना कांहीं काम नसतें म्हणून. पाण्याची मोजदाद थोरलीकडे आणि खाऊची वांटणी धाकट्याकडे सोंपविली, तेव्हांपासून "अजून किती?" हा प्रश्न नियमावांचूनच कमी झाला.

मावळतीच्या आंत मुक्काम, ह्या नियमाचें कारण कांगारू. दिवसा ते सांवलींत पडून राहतात आणि संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला चरावयास येतात. दिव्यांनीं बावरून नेमके गाडीसमोर उडी घेतात. रस्त्याच्या कडेला पडलेलीं त्यांचीं शरीरें पाहून धाकटा गप्प झाला. त्यानें विचारलें, "ह्यांना नियम कोणीं सांगितला नाहीं का?" ह्याला मजपाशीं उत्तर नव्हतें.

कूबर पीडी हें गांव मुलांना सर्वांत आवडलें. १९१५ सालीं सोन्याच्या शोधांत आलेल्या एका टोळींत विली हचिसन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. सोनें कांहीं मिळालें नाहीं. परंतु पाणी शोधीत हिंडतांना ह्या मुलाला जमिनीवर ओपल रत्नाचे तुकडे सांपडले, आणि त्यांतून हें गांव उभें राहिलें. उभें राहिलें म्हणण्यापेक्षां खालीं बसलें म्हणणें अधिक बरोबर. कारण उन्हाच्या तापापासून वांचण्यासाठीं तेथील पुष्कळ लोक टेंकड्यांच्या पोटांत कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर कितीहि ऊन अगर थंडी असो, आंत बारा महिने तेविसापासून पंचविसापर्यंतच पारा असतो. आम्हीहि तशाच एका खोलींत उतरलों. भिंतींवर यंत्राच्या दातांच्या खुणा, खिडकी नाहीं, आणि दिवा मालवल्यावर असा काळोख कीं आपला हात आपल्याला दिसूं नये. थोरली म्हणाली, "हें तर कार्ल्याचें लेणें!" आपल्याकडे ध्यानधारणेसाठीं डोंगर कोरले, तेथें सांवलीसाठीं कोरले, पण दगडाच्या पोटांतली ती शांतता मात्र सारखीच वाटली.

गांवाबाहेर जमिनींत खाणींचीं असंख्य उघडीं भोंकें आहेत. धांवूं नका, मागें मागें चालूं नका, अशा पाट्या जागोजाग लाविलेल्या आहेत. कारण छायाचित्र काढण्यासाठीं एखादें पाऊल मागें गेलेला माणूस थेट खालीं जावयाचा. तेथें असेपर्यंत मुलांचे हात आम्हीं सोडले नाहींत.

त्यानंतर दोन दिवसांनीं उलुरू. एर्ल्डंडा येथें महामार्ग सोडून पश्चिमेस वळलें कीं सुमारें अडीचशें किलोमीटरांवर तो एकटा तांबडा पर्वत उभा आहे. वाटेंत सपाट माथ्याचा एक मोठा डोंगर दिसतो, त्याला पाहून मुलांनीं "आला, आला!" म्हणून गलका केला. तो निघाला माउंट कॉनर. ह्या ठिकाणीं अनेक प्रवासी असेच फसतात म्हणे. खरा उलुरू दिसला तेव्हां मात्र कोणी ओरडलें नाहीं.

सपाटीपासून ३४८ मीटर उंच आणि नऊ किलोमीटरांहून अधिक घेराचा हा अखंड वालुकाश्म आहे. आंतला दगड राखी रंगाचा; बाहेरचा तांबडेपणा त्यांतील लोखंडाच्या गंजाचा. १८७३ सालीं विल्यम गॉस ह्या पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यानें त्याला एका मंत्र्याच्या नांवावरून 'एअर्स रॉक' हें नांव दिलें. गॉसबरोबर माथ्यावर गेलेला सोबती कामरान नांवाचा उंटवान होता. अनांगू लोकांच्या दृष्टीनें मात्र तो सदैव उलुरूच होता, आणि पवित्र होता. २६ ऑक्टोबर १९८५ रोजीं ती भूमि त्यांना कायद्यानें परत मिळाली. त्यांनीं ती उद्यानासाठीं ९९ वर्षांच्या करारानें सरकारला दिली. वर चढूं नये अशी त्यांची विनंति वर्षानुवर्षें होती, तरी लोक चढतच राहिले. निदान ३७ माणसें त्या चढणीच्या पायीं मरण पावलीं. शेवटीं २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यास बंदी झाली.

धाकट्याला हें पसंत पडलें नाहीं. "इतक्या लांब येऊन वर जावयाचें नाहीं, तर आलों कशाला?" असें त्यानें विचारलें. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतों, तोंच थोरली म्हणाली, "आपण गाभाऱ्यांत चढून बसतों का? बाहेरूनच फिरतों ना?" त्यानें थोडा विचार केला आणि चालूं लागला. सबंध प्रदक्षिणा दहा किलोमीटरांवर होते. लहान पायांना ती झेपली नसती. आम्ही कांतू घळीपर्यंत आणि मुतित्जुलूच्या पाणवठ्यापर्यंत गेलों. दोन्हीं ठिकाणीं खडकाच्या पायथ्याशीं गर्द सांवली, कांहीं झाडें आणि पक्ष्यांचा आवाज. इतक्या कोरड्या मुलुखांत माणसें हजारों वर्षें कशीं राहिलीं, हें त्या पाण्यापाशीं उभें राहिल्यावर थोडेंसें उमगतें. पाणी कोठें आहे हें ज्ञान तेथें कथांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलें गेलें. त्या कथा आम्हांला सर्व कळल्या असें मी म्हणणार नाहीं. कित्येक तर परक्याला सांगावयाच्याच नसतात. कांहीं ठिकाणीं छायाचित्र घेऊं नये अशी पाटी होती. तेथें मुलांनीं न सांगतां कॅमेरा खालीं ठेवला, ह्याचें मला समाधान वाटलें.

आतां त्या दुपारची गोष्ट. उलुरूहून परत महामार्गावर येऊन आम्ही ॲलिस स्प्रिंग्जकडे निघालों होतों. वाटेंत डाव्या हाताला अर्नेस्ट जाइल्स रस्ता फुटतो. त्या रस्त्यानें कांहीं किलोमीटर आंत गेलें कीं हेन्बरी येथें आकाशांतून पडलेल्या लोहपाषाणांनीं पाडलेले बाराएक खळगे आहेत. सुमारें ४,७०० वर्षांपूर्वींचे. रस्ता कच्चा. मेहुण्यांची पहिली सूचना मला आठवत होती. परंतु उल्केचे खळगे मुलांना दाखविण्याची संधि पुन्हां कधीं यावयाची, असा मोह मला झाला. मुलांच्या नांवावर आपण आपलीच हौस पुष्कळदां भागवितों, हें मला त्या दिवशीं कळलें.

कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या सुरकुत्या पडलेल्या असतात. गाडीचा सांगाडा खिळखिळा होतो. ते धक्के चुकविण्यासाठीं मीं गाडी कडेला घेतली, आणि पुढचीं चाकें भुसभुशीत वाळूंत रुतलीं. जोर दिला तशीं तीं अधिकच खोल गेलीं. अकरा वाजले होते. फोन मुका होता. संकटसूचक यंत्र ॲडिलेडच्या दुकानांतच राहिलें होतें. महामार्ग मागें सहासात किलोमीटर असावा. दीड-दोन तासांची वाट, हिंवाळ्याचें ऊन, मी धडधाकट माणूस. जाऊन कोणाला तरी घेऊन यावें, असा हिशेब मीं केला. टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि म्हणालों, "तुम्ही येथेंच बसा, मी आलोंच."

थोरली गाडीच्या दारांत उभी राहिली. तिच्या हातांत ती वही होती. ती म्हणाली, "बाबा, पहिला नियम."

मी म्हणालों, "तो तुमच्यासाठीं आहे."

"त्यांत 'कोणीहि' असें लिहिलें आहे. तुम्हींच सांगितलें होतें."

मला राग आला. खोटें कशाला बोलूं, मी तिच्यावर ओरडलों. मोठ्यांच्या कामांत लुडबुड करूं नको, असें कांहींसें बोललों. ती रडली नाहीं. पण दारांतून हललीहि नाहीं. तेव्हां तिची आई शांतपणें म्हणाली, "अहो, ती खरें तेंच बोलते आहे. तुम्ही परत आलां नाहींत, तर मी ह्या दोघांना घेऊन काय करूं?"

ह्या प्रश्नानें मी थांबलों. मीं हिशेब केला होता तो माझ्या पायांचा. मागें राहणाऱ्या तिघांचा केलाच नव्हता. पाय मुरगळला तर, वाट चुकलों तर, अशा कितीतरी गोष्टी त्या हिशेबांत नव्हत्या. आणि खरें सांगावयाचें तर, मी निघालों होतों तो मदत आणण्याच्या ओढीपेक्षां स्वस्थ बसून आपली चूक पाहत राहणें असह्य झालें म्हणून. मीं टोपी काढली आणि गाडीपाशीं बसलों.

पुढचे चार तास आम्ही तेथें काढले. गाडीच्या छपराला एक चादर बांधून सांवली केली, दुसरी दुरून दिसावी म्हणून झुडपांवर पसरली. थोरलीनें दर अर्ध्या तासानें प्रत्येकाला पाणी मोजून दिलें. धाकटा एकदां घाबरून रडला. मग आईच्या मांडीवर झोंपला. मीं मुलीची क्षमा मागितली. तिनें मान हालविली आणि वहींत वेळ टिपली.

तीनच्या सुमारास धूळ उठली. एक जुनी, डाग दिलेली मोटार आली. आंत एक वृद्ध आदिवासी बाई, एक तरुण आणि तीन मुलें होतीं. त्या बाईनें पहिला प्रश्न विचारला तो मुलांना पाणी मिळालें कीं नाहीं हा. गाडीकडे तिनें नंतर पाहिलें. तरुणानें चाकांकडे एकदां पाहिलें, हंसला, आणि चारहि चाकांतली बरीच हवा सोडून दिली. हवा कमी झालेलें चाक पसरट होतें आणि वाळूवर तरतें, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. हातांनींच थोडी वाळू उकरली, सर्वांनीं मिळून रेटा दिला, आणि पंधरा मिनिटांत गाडी बाहेर आली. चार तास जो डोंगर वाटत होता, तो एवढाच होता. मुलांनीं तोंवर लाडू वांटून खाल्ले होते. मीं पैसे देऊं केले. ते त्यांनीं घेतले नाहींत. उरलेले लाडू मात्र त्या आजीनें आनंदानें घेतले, आणि आम्ही महामार्गाला लागेपर्यंत त्यांची गाडी आमच्या मागून सावकाश येत राहिली.

खळगे आम्हीं पाहिले नाहींत. त्या रात्रीं वही उघडली तों पहिल्या नियमाखालीं पेन्सिलीनें एक ओळ वाढविलेली दिसली : "हा बाबांनाहि लागू आहे." ती ओळ मीं पुसूं दिली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें आम्हीं जें पाहिलें, तें नभोवाणीवरून सांगतांना मला विशेष आनंद होतो. हें गांव मूळचें तारेचें ठाणें. १८७२ सालीं ॲडिलेड ते डार्विन तार जोडली गेली. पुढें समुद्रांतून जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई अशा मार्गानें ती लंडनला पोंचत असे. वाळवंटांतल्या त्या दगडी खोलींत टकटक करणारा संदेश मुंबईवरून जात होता, हें ऐकून मुलांना मोठी मौज वाटली.

परंतु तारेच्या दोन खांबांच्या पलीकडे, शेंकडों किलोमीटर आंत, गुरांच्या वाडग्यांवर राहणाऱ्या कुटुंबांचें काय? त्यांचें मूल आजारी पडलें तर? जॉन फ्लिन नांवाच्या एका धर्मोपदेशकाला ह्या प्रश्नानें झपाटलें. १९२८ सालीं क्लॉनकरी येथून त्याच्या विमानी वैद्यकसेवेचें पहिलें विमान उडालें. पण डॉक्टरला हांक मारावयाची कशी? १९२९ च्या सुमारास आल्फ्रेड ट्रेगर ह्या ॲडिलेडच्या कारागिरानें पायांनीं चालवावयाचें बिनतारी यंत्र तयार केलें. वीज नको. सायकलीसारखे पाय मारावयाचे आणि संदेश पाठवावयाचा. त्या यंत्रानें वाळवंटांतल्या आईला प्रथमच शेजार मिळाला. मग त्याच बिनतारीवरून मुलांना शिकवितां येईल, ही कल्पना निघाली, आणि ८ जून १९५१ रोजीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें 'स्कूल ऑफ दि एअर' रीतसर सुरू झालें. आज तेथें उपग्रह आणि पडदा आहे. शिक्षिका मुलांना पाहूंहि शकते. पण पुष्कळ वर्षें त्या मुलांपाशीं फक्त एक आवाज होता. शेंकडों किलोमीटरांवरून बाई हजेरी घेत, आणि एकेक मूल आपल्या घरून "हजर" म्हणे.

तेथें जुना यंत्राचा पेटारा पाहतांना धाकट्यानें विचारलें, "ह्या मुलांना एकटें वाटत नसेल का?" त्याची ताई म्हणाली, "काल आपल्याजवळ हें असतें, तर आपल्याला वाटलें असतें का?"

श्रोतेहो, वाळवंटांत मुलांना न्यावें कीं नाहीं, असें मला कोणी विचारलें तर मी न्यावें असेंच सांगेन. ऋतु पाहून न्यावें, पाणी भरपूर घ्यावें, संकटसूचक यंत्राचे पैसे वांचवूं नयेत, आणि तेथल्या माणसाची सूचना आपल्या हौसेपुढें हलकी मानूं नये. आणखी एक गोष्ट करावी. निघण्यापूर्वीं नियम मुलांच्या हातून लिहून घ्यावेत, आणि ते आपल्यालाहि बांधतात हें त्यांना कळूं द्यावें. मुलांनीं आज्ञा पाळावी असें आपण नेहमीं म्हणतों. एखाद्या दिवशीं आपले प्राण त्यांनीं आज्ञा न पाळण्यावर, दारांत उभें राहून आपल्याला अडविण्यावर अवलंबून असूं शकतात. तसें अडविण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं यावें, एवढी मोकळीक घरांत असली पाहिजे. मजपुरतें म्हणाल तर, त्या दोन हजार किलोमीटरांतून मीं घरीं आणलें तें एवढेंच. आणि ती वही.